सातभाईंचा फोटो कोण पाहणार?

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. घराजवळचे नेहमीचे पक्षी पाहण्यात रमावे की दुर्मिळ पक्ष्यांच्या शोधात बाहेर पडावे, हा तो विषय. त्यांतील पाच पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : पक्षी पाहण्याचा नाद मला शेतीच्या कामातून लागला. आमच्याकडे खरिपात कापूस आणि तूर, रब्बीत हरभरा असतो. घर कवेलूचे असून मागच्या सांदवाडीत शेवगा, लिंबू, कडुनिंब आणि एक जुनी विहीर आहे. मी पक्षिमित्रांच्या एका व्हॉट्सॲप गटात आहे. गटातील मंडळी रानपिंगळ्यासाठी मेळघाटात, तणमोरासाठी अकोला-वाशीमच्या माळांवर आणि सारसासाठी गोंदियाला जातात व ‘आज लायफर मिळाला’ असे कळवतात. मी एकदा सातभाईंचा फोटो टाकला, तेव्हा ‘असले फोटो टाकून गट भरू नका, हे कोण पाहणार’ असे उत्तर आले. हंगामात दोन दिवस घर सोडणे मला जमत नाही. घरामागचे तेच ते पक्षी पाहत राहण्याला पक्षिनिरीक्षण म्हणायचे की नुसता वेळ घालवणे?
(एक शेतकरी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)

उत्तर : आयुष्यात प्रथमच पाहिलेल्या जातीला ही मंडळी लायफर म्हणतात. अशी जात दिसली की यादी एकाने वाढते आणि मनाला बरे वाटते. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ज्या दुर्मिळपणासाठी ही सारी धावपळ चालते, तो पुष्कळदा पाहणारा कोठे उभा आहे यावर ठरतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या भोरड्याच घ्या. पुस्तकांत यांना पळसमैना म्हणतात. गुलाबी अंगाचे आणि काळ्या डोक्याचे हे पक्षी पूर्व युरोप व मध्य आशियातील माळरानांवर टोळ आणि नाकतोडे खाऊन आपली पिल्ले वाढवतात, आणि थंडीचे महिने काढण्यासाठी थव्याथव्यांनी भारतात उतरतात. आपल्या आधीच्या पिढीने ज्वारीच्या शेतातील माळ्यावर उभे राहून ज्यांच्यावर गोफण चालवली, ते हेच पाखरू. त्यांतील एखादी चुकार भोरडी इंग्लंडमधील एखाद्या गावात उतरली, तर तिच्या दर्शनासाठी लोक गाड्या काढून येतात. सारसाची गोष्टही अशीच आहे. उत्तर प्रदेशाचा तो राज्यपक्षी असून तेथील कित्येक शेतकऱ्यांना तो बांधावरून जाता-येता दिसतो. विदर्भात मात्र गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात तो मोजकाच उरला आहे, म्हणून तुमच्या गटातील मंडळी तिकडे जातात.

आता सातभाईंकडे वळू, कारण तुमच्या फोटोवरून झालेला शेरा मला अज्ञानाचा वाटतो. सातभाईंचा थवा हे एक एकत्र कुटुंब असते. थवा पाचोळा उलथून किडे शोधत असताना एखादा सदस्य उंच फांदीवर बसून पहारा करतो. शिक्रा दिसला की त्याच्या ओरडण्याने सगळे झुडपात शिरतात. घरटे एका जोडीचे असले, तरी पिल्लांना भरवायला थव्यातील इतरही येतात. याच घरट्यांवर पावशा आणि चातक डोळा ठेवून असतात. मृगाच्या आधी ‘पेर्ते व्हा’ म्हणून ज्याची हाक आपण ऐकतो तो पावशा, आणि पावसाच्या आगेमागे आफ्रिकेकडून येणारा चातक, हे दोघेही स्वतःचे घरटे बांधत नाहीत. सातभाईंची अंडी निळी असतात आणि या दोघांचीही अंडी निळीच असतात. पुढे पावसाळ्याच्या उत्तरार्धात तुमच्या शेवग्याखाली असे दृश्य दिसू शकते, की दोन-तीन सातभाई पाळीपाळीने अळ्या आणत आहेत, आणि ज्याच्या चोचीत त्या घालत आहेत ते पिल्लू शेपटीने, रंगाने आणि आवाजाने त्यांच्या कुळातील मुळीच नाही. ते नुसते पंख थरथरवत किरकिर करते आहे. दोन दिवसांच्या सहलीत हे पाहायला मिळणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्यासाठी घरटे कोठे आहे, थवा किती जणांचा आहे आणि जूनमध्ये पावशा कोणत्या झाडावर बसत होता, हे आधीपासून ठाऊक असावे लागते. ते ठाऊक असणारा माणूस तुम्ही आहात. ज्या सदस्याने शेरा मारला, त्याने असे पिल्लू कधी पाहिले आहे काय, एवढे सौम्यपणे विचारायला हरकत नाही.

मला सांगायचे आहे ते एवढेच : दुर्मिळ पक्ष्याचे आपल्याला दर्शन होते, घरामागच्या पक्ष्याचे सबंध वर्ष आपल्या हाती येते. दोन्हींची किंमत वेगळी आहे आणि दुसऱ्याची किंमत सध्या फार कमी लावली जात आहे.

कापसाच्या प्रदेशातील आणखी एक उदाहरण तुमच्या अगदी जवळचे आहे. शिंपी पक्ष्याची मादी रुंद पानाच्या कडेला चोचीने बारीक भोके पाडते आणि त्यांतून धागा ओवून पानाचा द्रोण करते. धागा म्हणून ती कोळ्याचे जाळे, झाडांचे तंतू आणि मिळाला तर कापूस वापरते. पान नीट उलटून पाहिले, तर भोकातून बाहेर आलेले तंतूचे टोक पिंजून फुगलेले दिसते. त्यामुळे तो मागे सरकत नाही आणि वेगळी गाठ मारावी लागत नाही. हे घरटे रिकामे झाल्यावरच हाताळावे. तुमच्या पऱ्हाटीतील बोंडे फुटण्याच्या आधी आणि नंतर बांधलेल्या घरट्यांत कापसाचे प्रमाण बदलते का, हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर पऱ्हाटीच्या शेजारी राहणाऱ्यालाच देता येईल.

नेहमीच्या पक्ष्यांवर काम करून काय साधते, असे कोणी विचारले तर सालिम अली यांचे नाव सांगावे. जर्मनीतून शिकून परतल्यावर नोकरी नसलेल्या काळात ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते, आणि १९३० च्या सुमारास त्यांनी घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे रोज निरीक्षण केले. त्यातून असे कळले, की घरटे नर विणतो, तेही अर्धवट विणून थांबतो. माद्या येऊन ते तपासतात, एखादीने पसंत केले तरच ते पुरे होते, आणि मग तोच नर दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो. सुगरण दुर्मिळ नव्हती, आजही नाही. आपल्याकडे विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तिची घरटी लटकलेली दिसतात. सालिम अलींचे नाव अभ्यासक म्हणून प्रथम गाजले ते या पक्ष्यामुळे. अमेरिकेतील ओहायो राज्यात मार्गारेट मोर्स नाइस या गृहिणीने साधारण त्याच काळात घराशेजारच्या पडीक जागेत राहणाऱ्या एका सामान्य गाणाऱ्या पक्ष्याच्या पायांत रंगीत कडी घालून प्रत्येक पक्षी वेगळा ओळखला आणि वर्षानुवर्षे त्यांच्या जोड्या, भांडणे व घरटी टिपली. पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास कसा करावा, याचा नमुना म्हणून तिचे काम आजही सांगितले जाते.

याचा अर्थ दुर्मिळाचा शोध व्यर्थ आहे, असा मात्र घेऊ नये. तुमच्या गटातील लोक ज्यासाठी मेळघाटात जातात, त्या रानपिंगळ्याचे उदाहरण पाहा. १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि १८८४ नंतर त्याचा विश्वासार्ह पुरावा मिळेना. एका ब्रिटिश संग्राहकाने संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्यावर १९१४ सालची खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे भलत्याच भागात फिरत राहिले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या व त्यांचे दोन सहकारी आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पोहोचले, तेव्हा ११३ वर्षांनी तो पक्षी पुन्हा दिसला. मेळघाटातील त्याची वस्ती त्यानंतर उजेडात आली. कोणीतरी जिद्दीने दुर्मिळाच्या मागे लागले नसते, तर हे झाले नसते.

पण रानपिंगळा ओळखायचा कसा? त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती सलग तपकिरी असते, पोट पांढरे असते आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. ही सगळी ओळख ज्याच्याशी तुलना करून सांगितली जाते, तो तुमच्या विहिरीच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा आहे. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. साधा पिंगळा ज्याने शंभर वेळा पाहिला आहे, त्याला सागाच्या निष्पर्ण फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला रानपिंगळा वेगळा आहे हे चटकन कळते; इतरांना वाटाड्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. वेचणी आटोपल्यावर आणि तूर निघाल्यावर तुम्ही एकदा मेळघाटात अवश्य जावे.

तोपर्यंत एक काम सुचवतो. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी कृषी विद्यापीठे हेक्टरी २० च्या आसपास पक्षीथांबे उभारायला सांगतात. तुम्ही ते लावत असाल, तर सकाळी अर्धा तास कोणत्या थांब्यावर कोण बसते आणि खाली झेप घेऊन काय उचलते, याची वही ठेवा. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू आणि नीलपंख हे तुमचे बहुतेक पाहुणे असतील. नीलपंखाची नोंद विशेष काळजीने करा. देशभरातील सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये तयार झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात या पक्ष्याची घट इतकी स्पष्ट दिसली, की त्याचा धोक्याचा दर्जा जागतिक पातळीवर पुन्हा तपासावा, अशी शिफारस करण्यात आली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात आणि एरवी तारेवर बसलेला असतो म्हणून ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, त्या पक्ष्याची घट कळली ती साध्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांमुळे.

प्रश्न : आमच्या धानाच्या बांधीत पावसाळ्यात सारसाची जोडी घरटे करते. बातमी पसरली की सुटीच्या दिवशी गाड्या येतात. मोठे कॅमेरे घेतलेली माणसे न विचारता धुऱ्यावरून आत शिरतात, रोवणा झालेल्या बांधीत पाय पडतात. घरधनी चिडतात आणि म्हणतात, हा पक्षीच इथे नको. मला पक्षी हवा आहे, गर्दी नको. काय करावे?
(एक शेतकरी महिला, गोंदिया जिल्हा)

उत्तर : ताई, तुमच्या घरधन्यांचा राग योग्य माणसांवर आहे, तो पक्ष्यावर जाऊ नये एवढे पाहावे. शेत तुमचे आहे आणि परवानगीशिवाय आत येणाऱ्याला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिवाय पक्ष्याची अंडी किंवा घरटे यांना इजा करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरटे दिसताच तुमच्या भागातील वनरक्षकाला कळवा आणि गावातील एक-दोन तरुणांना सोबत घेऊन रस्त्यावरच एक पाटी लावा, की पक्षी येथूनच पाहावा. उभ्या धानाच्या वर मान काढणारा, माणसाएवढ्या उंचीचा पक्षी रस्त्यावरून दिसत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला पक्ष्यापेक्षा फोटो हवा आहे.

सारस सहसा दोन अंडी घालतो, नर-मादी आळीपाळीने ती महिनाभर उबवतात. घरटे म्हणजे पाण्यात गवत आणि धानाच्या काड्या रचून केलेला ढीग असतो, त्याला आडोसा नसतो. माणूस जवळ गेला की उबवणारा पक्षी उठून दूर जातो आणि तेवढ्या वेळात कावळा अंडे फोडतो. गर्दीने होणारे मुख्य नुकसान हे आहे, आणि कॅमेऱ्यात ते दिसत नाही, कारण फोटो काढणारा तोपर्यंत जेवायला गेलेला असतो.

जोडीने त्याच परिसरात पुन्हा घरटे करणे ही सारसांची सवय आहे. म्हणजे बाहेरच्यांसाठी जो दुर्मिळ पक्षी आहे, तो तुमच्या घरचा शेजारी आहे. रोवणा कधी झाला, घरट्याची पहिली काडी कधी दिसली, पिल्ले कधी बाहेर पडली, किती मोठी झाली आणि पाणी आटल्यावर जोडी कोणत्या बोडीवर किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावावर गेली, हे तुमच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. दिनदर्शिकेच्या चौकटीत एकेक शब्द लिहिला तरी पुरे. सारसगणना करणारे कार्यकर्ते तुमच्याकडे आले, तर त्यांना ही माहिती मोलाची वाटेल. घरधन्यांना हेही सांगा, की पीक कापेपर्यंत घरट्याभोवतीचा धानाचा तुकडा तसाच राखणारे शेतकरी तुमच्याच जिल्ह्यात आहेत.

प्रश्न : मेळघाटात रानपिंगळा लवकर दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर चालते का? बरेच जण वाजवतात.
(महाविद्यालयीन विद्यार्थी, अमरावती जिल्हा)

उत्तर : वाजवू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, असे त्या पक्ष्याला वाटते. तो भक्ष्य शोधणे किंवा पिल्ले भरवणे सोडून अदृश्य शत्रूला हुसकायला येतो, आणि तुमच्यामागून येणारा दुसरा गट तेच करतो, त्यामागचा तिसराही तेच करतो. मूठभर ठिकाणी उरलेल्या जातीच्या बाबतीत हा छळ अक्षम्य आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या नियमांतही वन्यप्राण्यांना अशा रीतीने त्रास देणे बसत नाही. रानपिंगळा दिवसा सक्रिय असतो. सकाळी उघड्या, विरळ सागवनाच्या कडेला शांत उभे राहिल्यास तो आपण होऊन ओरडतो. एवढा वेळ काढता येत नसेल, तर सहल पुढे ढकलावी. आणि दिसलाच, तर नेमकी जागा गटावर टाकू नये.

प्रश्न : जुने कवेलूचे घर पाडून मुलाने स्लॅबचे बांधले. चिमण्या गेल्या. मुलगा म्हणतो, चिमणीसारख्या पक्ष्याचे काय एवढे, ती सगळीकडे आहे. नात मात्र रोज विचारते. चिमण्या परत येतील का?
(एक ज्येष्ठ वाचक, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम)

उत्तर : काका, येण्याची शक्यता चांगली आहे, कारण खेड्यात चिमणी अजून आसपास असते. २०२० च्या पक्षिस्थिती अहवालानुसार देशपातळीवर चिमण्यांची संख्या गेल्या २५ वर्षांत साधारण स्थिर राहिली असून घट ठळकपणे दिसते ती मोठ्या महानगरांत. तुमच्याकडे गेली आहे ती घरट्याची जागा. कवेलूखालची सांद, आढ्याचे टोक, भिंतीत सोडलेले कोनाडे यांत चिमणी राहत असे. गुळगुळीत स्लॅबला यांपैकी काहीच नाही.

लाकडी पेटी करून घ्या. भोक सव्वा इंचाचे असावे, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही. भोकाखाली बसायची काडी लावू नये, तिचा उपयोग चिमणीपेक्षा शिकाऱ्याला होतो. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीला, मांजर पोहोचणार नाही असे पाहून ती टांगावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीवरील पेटीत पिल्ले भाजतात. अंगणात उथळ परळात पाणी ठेवा, रोज बदला.

कणी आणि ज्वारी घालावी, पण तेवढ्याने भागत नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, तरी पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि मऊ किडे भरवते. म्हणून अंगणाच्या कडेला मेंदीचे, अडुळशाचे किंवा कोणतेही दाट झुडूप ठेवा आणि त्यावर फवारणी करू नका. सोयाबीनचे कुटार जिथे रचता, तिथेही चिमण्या दाणे टिपायला येतात, त्यांना हाकलू नका. राहता राहिला मुलाचा मुद्दा. सगळीकडे असलेला पक्षी कमी होऊ लागला, तर ते शेवटी लक्षात येते, कारण तो मोजण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नसते. नातीला वही द्या आणि रोज संध्याकाळी अंगणात किती चिमण्या आल्या ते लिहायला सांगा. ती ते काम तुमच्या मुलापेक्षा चोख करील.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पक्षिसप्ताह साजरा करायचा आहे. अभयारण्यात सहल नेण्यासाठी निधी नाही. मुलांना शाळेच्या आवारातील कावळे-साळुंक्या दाखवून सप्ताह साजरा झाला, असे म्हणता येईल का? आणि दुर्बीण घ्यावी की कॅमेरा?
(शिक्षिका, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

उत्तर : अवश्य म्हणता येईल. हा सप्ताह महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात होतो. पहिला दिवस नवेगावबांधच्या रानात दीर्घकाळ काम केलेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, शेवटचा सालिम अली यांचा. या दोघांपैकी कोणीही तुमच्या सप्ताहाला आक्षेप घेतला नसता.

सुरुवात कावळ्यापासूनच करा. मानेवर राखाडी पट्टा असलेला गावकावळा आणि सबंध काळा, जाड चोचीचा डोमकावळा हे दोन वेगळे पक्षी आहेत, हे बहुतेक मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. मुलांना त्यांतील फरक स्वतः शोधू द्या, तुम्ही आधी सांगू नका. साळुंकी आणि भांगपाडी मैना, होल्यांचे दोन-तीन प्रकार, तारेवरचा कोतवाल, मैदानावरची टिटवी आणि थंडीत आलेले धोबी पक्षी यांत आठवडा सहज जाईल. रोज एकाच जागी, एकाच वेळी पंधरा मिनिटे बसावे आणि दिसले तेवढे लिहावे. मुले आपसांत भांडतील, की अमक्याने खोटा पक्षी लिहिला. ते भांडण होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी दोघांना एकत्र पाहायला बसवावे.

ही सवय लागली, की फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक परसपक्षी गणनेत शाळेला भाग घेता येईल. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या या गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. अट एवढीच, की किमान पंधरा मिनिटे पाहून जाती आणि संख्या ई-बर्ड या संकेतस्थळावर भरायची. पक्ष्यांची नावे तेथे मराठीतही दिसतात. शाळेचे आवार यासाठी पूर्णपणे चालते. सदोष नोंद तपासणारे स्वयंसेवक असतात, त्यांनी शंका विचारली तर घाबरू नये. मुलांकडून उत्तर लिहवून घ्यावे.

खरेदी करायची तर दुर्बीण घ्या, आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. कॅमेरा एकाच्या हातात राहतो आणि बाकीची मुले त्याच्या पाठीकडे पाहत बसतात. दुर्बीण एकच असली, तरी रांग लावून प्रत्येकाला पाहता येते. ती गळ्यात अडकवूनच वापरावी, असा नियम पहिल्या दिवसापासून करावा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीसाठी ती अमरावतीला पाठवावी लागेल.